मुकादम अजून जिवंत आहे!

माणसाने आठवड्याला किती तास राबावे, यावर आपल्या देशात गेली काही वर्षे मोठा वाद माजून राहिला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे जे उद्गार प्रसिद्धीस आले, त्यांत हा आकडा ९० वर गेला होता. आपल्या माणसांना रविवारीही कामाला लावता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहणार, असा सवालही वर केला! सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून कारखान्यांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व खासगी कचेऱ्यांतला दिवस ९ तासांवरून १० तासांपर्यंत लांबवणाऱ्या दुरुस्त्यांना संमती दिली. एका बाजूने उद्योगाची भरभराट, दुसऱ्या बाजूने कामगाराची पिळवणूक, अशा आरोळ्या तेव्हापासून कानी पडत आहेत.

तासांचा प्रश्न क्षुल्लक आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१६ या एका वर्षात आठवड्याला ५५ तास वा त्याहून अधिक काम केल्यामुळे जगात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा एखाद्या मोठ्या युद्धाला शोभणारा आहे. तथापि हा सारा वाद घड्याळाभोवतीच फिरत राहिला, तर रोगाचे मूळ हाती लागणार नाही. पेरणीच्या दिवसांत शेतकरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, साथीच्या काळात परिचारिका सलग दोन पाळ्या करते, निवडणुकीच्या निकालाच्या रात्री छापखान्यातला कामगार डोळ्याला डोळा लावत नाही. त्यांचे अंग मोडून जाते, पण मन मोडत नाही. उलट, दहा ते पाच अशा सरळ वेळेत चालणाऱ्या एखाद्या कचेरीचा जिना चढतानाच छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटावे, असेही घडते. तेव्हा माणूस किती तास काम करतो, याच्या जोडीने त्याच्या तासांवर सत्ता कोणाची चालते आणि त्या सत्तेपुढे त्याला तोंड उघडता येते की नाही, हेही विचारले पाहिजे.

कामाची जागा नासते ती कशी? एखादा दुष्ट साहेब येतो आणि ती नासवतो, ही समजूत सोपी आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. परंतु ती खरी नाही. दुष्ट साहेब बदलून जातो आणि नासलेली कचेरी तशीच राहते, हा अनुभव कोणाला नाही? आमचे म्हणणे असे की, वर बसलेला माणूस ‘काम झाले का?’ एवढेच विचारू लागतो आणि ‘ते कसे झाले?’ हा प्रश्न सोयीस्करपणे गिळून टाकतो, त्या दिवशी कामाच्या जागेला कीड लागते. तो न विचारलेला प्रश्न मधल्या जागी एका माणसाला जन्म देतो. वरच्याला काम हवे, खालच्याला पोट भरायचे. या दोन गरजांच्या मध्ये उभा राहून तो दोघांवरही हुकमत चालवतो. या मुंबई शहराने त्याला फार पूर्वीच ओळखले आहे. त्याचे नाव मुकादम.

गिरणीचा मुकादम

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि कोकणातून व देशावरून माणसांचे लोंढे गिरणगावात येऊ लागले. मालकाला माणसे हवी होती. पण ती कोण, कुठली, कशी राहतात, हे जाणून घेण्याची त्याला गरज नव्हती. वरच्या साहेबाला पुष्कळदा कामगाराची भाषाही येत नसे. या दोघांच्या मध्ये जॉबर, म्हणजेच गिरणीचा मुकादम, उभा राहिला. माणूस कामावर घेणारा तोच, त्याच्याकडून काम करून घेणारा तोच, रजा देणारा तोच आणि काढून टाकणारा तोच! बायकांच्या खात्यांत हेच अधिकार नायकिणीच्या हाती असत. नोकरी लागताना दस्तुरी, रजेवरून परत येताना पुन्हा दस्तुरी. अडीअडचणीला कर्ज तो देई, खोली त्याच्या ओळखीने मिळे, वाण्याकडची उधारी त्याच्या शब्दावर चाले. पगार तर महिना-महिना मागे पडलेला असे. त्यामुळे कर्जावाचून गत्यंतर नव्हते आणि कर्जामुळे मुकादमावाचून गत्यंतर नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दस्तुरी घे, असे मालकाने जॉबरला सांगावे लागले नाही. चात्या फिरत आहेत, सूत निघत आहे, एवढे पाहून तो समाधान पावला. चात्या फिरवणाऱ्या हातांवर कोणती सक्ती चालली आहे, हे त्याने विचारले नाही. कारण विचारले असते तर उत्तर मिळाले असते आणि उत्तर मिळाले असते तर काही करावे लागले असते. जॉबर तरी कोण होता? तोही सैतान नव्हता. बहुधा तो कामगारांतूनच वर आलेला, त्यांच्याच गावचा नाहीतर नात्यातला माणूस असे. अडल्यानडल्याला तो उपयोगी पडे. कित्येक संपांत तो कामगारांच्या बाजूने उभाही राहिला. म्हणूनच ही पद्धत इतकी चिवट ठरली. जो गळा दाबतो तोच वेळप्रसंगी पाणीही पाजतो, अशा माणसाविरुद्ध ओरडणार कोण?

अशा मौनातून रूढी जन्माला येते आणि रूढीपुढे कामगारही निर्दोष राहत नाही. गिरण्यांतल्या विणखात्यात पगार अधिक असे. पण त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि ‘विटाळ’ होईल अशी सवर्ण कामगारांची तक्रार! हा नियम कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. मालकाने तो मोडला नाही, पुढाऱ्यांनी त्याकडे काणाडोळा केला, आणि १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून पुढे मांडला. लाल बावट्याखाली एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनाही आपल्याच खात्याचे दार आपल्याच भावाला बंद आहे, हे दिसत नव्हते. सवयीने डोळ्यांवर आलेली झापड ती हीच.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या दुखण्यावर बोट ठेवले. नेमणूक आणि बडतर्फी हे अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावेत आणि गिरण्यांनी त्यासाठी वेगळे लेबर ऑफिसर नेमावेत, अशी शिफारस त्याने केली. १९३५ पासून मुंबईत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली आणि जॉबरच्या सत्तेला पहिली कात्री लागली. म्हणजे पहिली कंपनी निघाल्यापासून तोवर आठ दशके लोटली होती! जे सर्वांना ठाऊक होते, ते कोणालाच ठाऊक नाही असे सोंग या वैभवशाली नगरीने आठ दशके वठवले.

दिवा आला, दिवस लांबला

याच गिरण्यांच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट आजच्या काळाला विलक्षण लागू पडते. प्रारंभी गिरणीचा दिवस सूर्य ठरवीत असे. उजाडले की काम सुरू, अंधारले की सुटी. उन्हाळ्यातला दिवस कामगाराचा जीव काढी. पण निदान रात्र त्याच्या मालकीची होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. बाजारात त्या वेळी तेजी होती. दिवा आला आणि दिवस लांबला. तो १४-१५ तासांवर गेला. कामगार रस्त्यावर उतरले, दंगेधोपे झाले. पण प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांवर आणणारा कायदा होण्यास १९११ साल उजाडावे लागले.

विजेच्या दिव्याचा यात अपराध तो काय? साधन निर्दोषच असते. परंतु नवे साधन आधी येते आणि त्याला वेसण घालणारा नियम मागाहून येतो. मधल्या काळात ते साधन बळी तो कान पिळी या न्यायाने वापरले जाते. आजचा विजेचा दिवा म्हणजे प्रत्येकाच्या खिशातला फोन. त्याने कचेरी घरात आणली, जेवणाच्या ताटापर्यंत आणली, आजारी मुलाच्या उशाशी आणली. रात्री अकराला आलेल्या निरोपाला उत्तर दिलेच पाहिजे, असे कोणत्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. तरी उत्तर जाते. कारण ज्यांनी उत्तर दिले त्यांची नावे कोणाच्या तरी लक्षात राहतात आणि ज्यांनी दिले नाही त्यांचीही राहतात. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काला कायद्यात जागा दिली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. दिवा लागून किती वर्षे झाली! आपले १९११ साल मात्र अजून उजाडलेले नाही.

नव्या कचेरीतली दस्तुरी

गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा मुकादमही संपला, असे कोणी समजू नये. ऊसतोडीच्या फडात तो आजही त्याच नावाने वावरतो आहे. साखर कारखान्याकडून उचल मुकादम घेतो आणि तोच ती मजुरांना वाटतो. नवराबायकोची जोडी तेथे माणूस म्हणून मोजली जात नाही. ती मोजली जाते ‘कोयता’ म्हणून. एक दिवस खाडा झाला की दंड. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजार ३०९ महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढून टाकलेली आढळली! त्यामागे अनेक कारणे असतील. पण पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये ही धास्ती त्यांतले एक होते, हे त्या बायांनी स्वतःच सांगितले आहे. गर्भपिशवी काढा, असा हुकूम कोणत्याही कारखान्याने काढला नव्हता. कारखान्याने फक्त ऊस वेळेवर मागितला. तो कसा आला, हे विचारले नाही.

आणि हाच मुकादम, कपडे बदलून, पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींतही शिरलेला आहे. तेथे त्याला टीम लीडर म्हणतात, मॅनेजर म्हणतात. त्याच्या हाती दस्तुरीचे पैसे नाहीत; पण वार्षिक अप्रेझलचा शेरा आहे. त्या शेऱ्यावर पगारवाढ अवलंबून, बढती अवलंबून, पुढचे बरे काम अवलंबून. आणि रजेच्या अर्जावरची सहीही त्याचीच. कनिष्ठाने त्याला पैसे चारायचे नसतात. आपली संध्याकाळ द्यायची असते, शनिवार द्यायचा असतो, गावच्या जत्रेला जाण्याचा बेत द्यायचा असतो. ही आजची दस्तुरी होय. ती कोणी मागत नाही, म्हणून ती नाकारताही येत नाही. नवा मुलगा नोकरीवर येतो तेव्हा थांब असे त्याला कोणी बजावत नाही. सहा वाजता उठणाऱ्याकडे चार माने वळतात, दोन विनोद होतात. आठ दिवसांत तो विनोदाचा अर्थ शिकतो आणि वर्षभरात तोच विनोद पुढच्या नवख्यावर करू लागतो. सासूने सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, हा न्याय आपण माजघरातून हद्दपार केला असे म्हणतो. तो कचेरीत जाऊन बसला आहे.

हा नवा मुकादमही सैतान नाही. त्याच्या डोक्यावर त्याचा साहेब बसलेला आहे. वरच्यांनी परदेशातल्या गिऱ्हाइकाला दहा माणसांचे काम सात माणसांत आणि तीन महिन्यांचे काम दोन महिन्यांत करून देण्याचा शब्द आधीच दिलेला असतो. तो शब्द पाळण्यासाठी तूट कोठून तरी भरून काढावी लागते. ती नफ्यातून भरली जात नाही. सर्वांत खालच्या माणसाच्या झोपेतून भरली जाते. वर ताळेबंद स्वच्छ दिसतो, कारण झोपेचा रकाना ताळेबंदात नसतो.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका नामांकित हिशेबतपासणी संस्थेत काम करणारी २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी मृत्यू पावली. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ उडाली. मुलीवर कामाचा असह्य बोजा होता आणि तिच्या अंत्यविधीलाही संस्थेतून कोणी आले नाही, असे त्या मातेने लिहिले होते. मृत्यूचे कारण कामाचा ताण होते, हे संस्थेने मान्य केले नाही. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हालाही नाही. परंतु त्यानंतर झालेल्या तपासणीत राज्याच्या कामगार खात्याला जे आढळले ते निर्विवाद आहे. ती कचेरी २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीविनाच चालली होती! दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्यांच्या दारावर सरकारी नोंदणीची पाटी नाही, हे सतरा वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. आईचे पत्र आले नसते तर ते आणखी किती वर्षे आले नसते, कोण जाणे! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, म्हणतात ते हेच.

शहाण्यांचे मौन

कोणी म्हणेल, हे सारे अडाणी, गरजू, दुबळ्या माणसांच्या बाबतीत घडते. जेथे शिकलेली, स्वाभिमानी, जाणती माणसे एकत्र येतात तेथे असे होणार नाही. हा भ्रम दूर करण्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेकडे पाहावे. जगातले उत्तमोत्तम शास्त्रज्ञ नि अभियंते तेथे काम करतात. २८ जानेवारी १९८६ रोजी त्यांचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटले आणि सात जण ठार झाले. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत निकामी होईल, म्हणून उड्डाण करू नये, असे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच सांगितले होते. पण उड्डाण आधीच लांबलेले होते. नासाच्या अधिकाऱ्यांचा दबाव आला आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला फिरवला. त्या कड्यांची झीज पूर्वीच्या उड्डाणांतही दिसली होती. पण प्रत्येक वेळी यान सुखरूप परतले, म्हणून झीज हीच नित्याची गोष्ट होऊन बसली. डायान व्हॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९६ साली या प्रकरणावर ग्रंथ लिहून हा रोग उलगडून दाखवला: नियमाबाहेरची गोष्ट एकदा पचली की दुसऱ्यांदा ती खटकत नाही आणि तिसऱ्यांदा तोच नियम होतो.

इतके होऊन शहाणपण आले असेल असे वाटेल. परंतु सतरा वर्षांनी, १६ जानेवारी २००३ रोजी, ‘कोलंबिया’ यान उडाले तेव्हा टाकीवरच्या फेसाचा तुकडा निसटून पंखावर आदळला. फेस पूर्वीही निसटत असे. त्याचीही सवय झाली होती. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवण्याची विनंती केली. ती वरच्या पायरीपर्यंत पोहोचून मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले आणि सात अंतराळवीरांचा अंत झाला. कर्नालची कन्या कल्पना चावला त्यांत होती. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात स्वच्छ म्हटले की, या अपघाताला फेसाचा तुकडा जितका कारणीभूत, तितकीच त्या संस्थेची कार्यसंस्कृतीही कारणीभूत होती. म्हणजे शिक्षणाने मौन सुटत नाही. वाईट बातमी सांगणाऱ्याला वाट नसेल, तर शास्त्रज्ञही गिरणीकामगाराइतकाच मुका होतो.

तेव्हा करायचे काय?

अलीकडे मोठमोठ्या कंपन्यांनी या रोगावर एक स्वस्त औषध शोधले आहे. सकाळी योगासने, दुपारी मनःस्वास्थ्यावर व्याख्यान, आणि संध्याकाळी पुन्हा तेच टार्गेट! ताण सहन करण्याची विद्या माणसाला शिकवायची आणि ताण निर्माण करणाऱ्या व्यवस्थेला हात लावायचा नाही, हा निव्वळ कांगावा आहे. छप्पर गळते म्हणून घरच्यांना पोहायला शिकवणाऱ्या घरमालकाची ही जात होय.

खरा उपाय व्हिटले आयोगानेच दाखवून ठेवला आहे. ज्याच्या हाती काम करून घेणे आहे, त्याच्या एकट्याच्या हाती शेरा, रजा आणि बडतर्फी असता कामा नये. सत्ता विभागा, म्हणजे दस्तुरी आपोआप बंद होईल. दुसरे असे की, कामाच्या तासांची खरी नोंद झाली पाहिजे, आणि तिच्यात रात्रीच्या फोनवरचे कामही आले पाहिजे. जादा कामाला दुप्पट दराने वेतन द्यावे, असे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. काचेच्या इमारतींत रात्री दहापर्यंत दिवे जळतात. त्या दिव्यांखाली बसलेल्यांपैकी किती जणांच्या हाती हे दुप्पट वेतन पडते, याचा शोध सरकारने एकदा घ्यावा. पण सरकारने कायद्यातच पळवाट ठेवली आहे. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या वा गोपनीय स्वरूपाच्या पदावरच्या माणसांना हा कायदा लागू नाही. मग काय, बावीस वर्षांच्या पोरालाही मॅनेजरची पाटी लावली की घड्याळ गळून पडले! पाटीकडे न पाहता माणसाला प्रत्यक्ष अधिकार काय आहेत, हे पाहूनच ही सूट दिली पाहिजे. याच कायद्याने निरीक्षकाचे नाव बदलून त्याला ‘फॅसिलिटेटर’ केले. नाव गोड झाले. पण सुविधा कोणाची करायची, हे त्या नावातून सुटून गेले.

तिसरी गोष्ट तक्रारीची. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली संसदेने कायदा केला. त्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद आहे: चौकशी समितीवर एक सदस्य बाहेरचा असलाच पाहिजे. आतले सारे एकाच ताटात जेवणारे असतात, हे कायद्याने ओळखले. मग अपमान, धमकी आणि अमर्याद काम यांच्या तक्रारींनाही बाहेरचा एक कान का मिळू नये? आज ती तक्रार एचआरकडे जाते, आणि एचआरचा पगार कोण देतो, हे तक्रार करणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

चौथी गोष्ट मालकांना आणि संचालक मंडळांना सांगावयाची आहे. वर्षाअखेरीस नफा किती झाला हे तुम्ही विचारताच. त्याच बैठकीत, किती माणसे वर्षाच्या आत सोडून गेली, किती जणांच्या रजा बुडाल्या, कोणत्या खात्यातून सर्वाधिक राजीनामे आले, हेही विचारा. ‘कसे झाले?’ हा प्रश्न वरून एकदा विचारला गेला की मधल्या मुकादमाची अर्धी सत्ता तत्क्षणी ओसरते. कारण तुमच्या न विचारण्यावरच तर ती उभी आहे.

आणि शेवटची गोष्ट काम करणाऱ्यांना. काचेच्या कचेरीतला नोकरदार स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो. संघटना म्हणजे गिरणीवाल्यांचे काम, अशी त्याची समजूत आहे. त्याने एका गोष्टीचे स्मरण ठेवावे. ज्या रविवारवर आज बड्या बड्यांचा डोळा आहे, तो रविवार कोणा मालकाच्या कृपेने मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांना एकत्र केले आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला. आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, एवढ्याच माफक मागण्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. नाव, गाव, नोकरी, खोली, सारे ज्याच्या मुठीत, त्या मुकादमाच्या डोळ्यांदेखत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

मुकादम मरतो तो असा. त्याला शिव्या देऊन तो मरत नाही, त्याची बदली करूनही मरत नाही. वरचा विचारू लागला आणि खालचा बोलू लागला की त्याला मध्ये उभे राहायला जागाच उरत नाही. वरच्याने विचारावे म्हणून कायदा आणि सरकार यांनी त्याला भाग पाडले पाहिजे. खालच्याने बोलावे म्हणून त्याच्या शेजाऱ्याने त्याच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. ज्या शहरात अक्षरशत्रू गिरणीकामगारांनी एकशे पस्तीस वर्षांपूर्वी हे करून दाखवले, त्याच शहरातल्या पदवीधरांना ते जमू नये काय?